अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे

गेल्या वेळी आईने पोट साफ करायच्या पावडरचं सगळं पाणी आदल्या संध्याकाळीच संपवलेलं. तरी कोलोनोस्कोपी झाल्यावर ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, "आत नीट दिसलंच नाही. पुन्हा करावी लागेल." आईला शौचातून रक्त जात होतं, आणि तिची आई आतड्याच्या कॅन्सरनेच गेलेली. या वेळीही दिसलं नाही तर काय, हे आमच्या डोंबिवलीच्या घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हतं.

मी दहावीत आहे आणि हल्ली डॉक्टरांनाही प्रश्न विचारते. ते म्हणाले, सगळं आदल्या दिवशी प्यायलं तर दुपारपर्यंत आतड्यात पुन्हा घाण साचते. निम्मं संध्याकाळी आणि निम्मं पहाटे घ्यायचं, असंच तिला आधी सांगितलेलं. मी आईकडे बघितलं. ती पंख्याकडे बघत होती.

घरी आल्यावर म्हणाली, "पहाटे ते पिऊन मुंब्रा बायपासच्या ट्रॅफिकमध्ये मी काय करू? बाईमाणसाने उतरायचं कुठे?"

"मग आदल्या दिवशीच कोपरीला आत्याकडे राहू. हॉस्पिटल तिथून एवढंसं तर आहे."

"नणंदेच्या घरी जाऊन सारखी संडासात पळू? भाऊजी हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले असताना? सुचतं तरी कसं तुला."

मी तिला न विचारता सरोजआत्याला फोन केला. तपासणीच्या आदल्या दिवशी कोपरीला जाताना आई माझ्याकडे पाठ करून बसली.

आत्याने दार उघडलं. "या वहिनी. यांना बाळकुमला पाठवलंय, माझ्या जावेकडे. घोरा म्हटलं तिथे."

संध्याकाळी आत्याने टीव्ही मोठा करून ठेवला, त्यात बाकीचे आवाज बुडाले. पहाटे घर अगदी शांत होतं. आई भरलेला ग्लास धरून नुसती बसली.

"बस झालं. पोट रिकामं आहे माझं."

"गेल्या वेळी पण हेच म्हणालेलीस."

तिचे डोळे भरले. मला माझाच राग आला.

तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. थांबला की परत सुरू. आई उठून गेली, आली, परत गेली.

"वन्सं, एवढी चटणी कुणाला?"

"शेजाऱ्यांना वाटेन. तुम्ही आटपा, वहिनी, माझं खोबरं संपत आलंय."

आई हसली. उरलेलं नाक दाबून प्यायली.

दुपारी तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी डोंबिवलीहून आलेल्या बाबांना आत बोलावलं. मीही मागोमाग गेले.

"या वेळी तयारी उत्तम होती," ते म्हणाले, "म्हणून हे सापडलं." पडद्यावर स्वच्छ गुलाबी भिंत होती आणि वळणावर लालसर गाठ. तिचा तुकडा तपासायला गेलेला. बाबा खाली बसले.

"आजीसारखं आहे का?" मी विचारलं.

"रिपोर्टशिवाय नाही सांगता येणार. पण वेळेत दिसलंय."

आई गुंगीतून जागी होत होती, आत्या तिच्या उशाशी होती. "दिसलं का गं नीट?" आईने विचारलं.

"दिसलं. रिपोर्ट यायचाय."

तिने माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग आत्याकडे मान वळवून म्हणाली, "वन्सं, रिपोर्ट येईपर्यंत तुमच्याकडेच राहू का?"