हिरव्याखालची तपकिरी टेकडी

मी इंग्लंडच्या एका टेकडीवरचं जुनं चर्च बोलतोय. खरं सांगायचं तर इंग्लंड मी पाहिलेलं नाही. माझा जन्म ओमानचा, माबेलातल्या एका फ्लॅटमधला, जेवणाच्या टेबलावरचा.

तिसरीतल्या पूर्वाला शाळेच्या प्रदर्शनासाठी माझ्या नावाची चिठ्ठी निघाली. स्वतः काय केलं ते वर्गापुढे सांगायचं, असा मॅमचा नियम. पप्पांनी, म्हणजे उत्तमने, रुसैलच्या गोदामातून थर्माकोल आणला. भिंती, मनोरा, छप्पर सगळं आईने, सुगंधाने, कापलं आणि चिकटवलं. पूर्वाच्या वाट्याला फक्त टेकडी आली. तिने ती जीव लावून तपकिरी रंगवली.

"अगं, हे काय केलंस! टेकडी हिरवी असते."

"मम्मा, माउंटन ब्राउनच असतात. बघ ना." पूर्वाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेरचे सगळे डोंगर तपकिरीच होते.

"हे इंग्लंड आहे. सरक, मी करते."

"प्रोजेक्ट तिचं की तुझं?" उत्तम सोफ्यावरून म्हणाला.

"तिचंच. मी नुसती मदत करतेय."

मदत करता करता तिने अख्खी टेकडी हिरवी केली. मग माझं दार रंगवलं, खिडक्या रंगवल्या. उघडत एकही नाही. वर धूळ नको म्हणून प्लास्टिक गुंडाळलं. तेव्हापासून मी माझ्याच आत कोंडलेला आहे.

शाळेत मॅमनी विचारलं, "पूर्वा, यातलं तू काय केलंस?"

मागे पालकांमध्ये सुगंधा ओढणीचं टोक पिळत उभी. मला वाटलं, आता पूर्वा रडते. पण तिने प्लास्टिक बाजूला केलं आणि टेकडीवर नखाने खरवडलं. हिरव्याखालून तपकिरी निघालं.

"हे. हे मी केलं."

आता घरी परतल्यावर मी एसीच्या रिकाम्या खोक्यात बसून कपाटावर जाणार. त्याआधी तो ओरखडा बुजवायला सुगंधा हिरवा ब्रश घेऊन माझ्यापुढे बसली आहे. कधीची बसली आहे. ब्रश काही टेकत नाही.

सुगंधा, मला सरळ उभं केलंस ते तूच. पण माझ्यात मोकळी अशी जागा तेवढी एकच आहे, पूर्वाचं नख लागलं ती. ती बुजवू नकोस. ब्रश धू, आणि तिला हाक मार. तपकिरी रंग अजून अर्धी बाटली उरलाय.