उजवी पाकळी

देवळातून परतल्यावर शेवंतीने पायांवर पाणी घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि ओसरीवरूनच जाहीर केलं, "डावी पडली."

ओसरीवर सहा वर्षांची गौरवी पोफळीच्या दोन विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुंध्याची रुंद सालं, काथ्याने पायांना बांधून लादीवरून घसरत होती. डोळ्यांना पोहायचा चष्मा, हातांत दोन काठ्या. आई-बाबा मनालीला नेणार, बर्फावर स्की करायला, हे कळल्यापासून घरात तिचा हाच खेळ चालला होता. आजीचं ऐकून ती थांबली.

"डावी म्हणजे काय गो?"

"म्हणजे देव म्हणता, चेडवाक बर्फार व्हरू नकात."

"देवाक बर्फ आवडना?"

कोणी हसलं नाही. आत तिची आई सेजल नारळ खवत होती, तिची विळी तेवढी थांबली.

या घरात कौल लावल्याशिवाय काही होत नसे. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नको. सेजलचं माहेर कारापूरचं, तिथेही हेच. देवावर तिचा मुळीच राग नव्हता. राग होता तो विचारणाऱ्यांवर. दिराच्या बारचा कौल डावा पडला, तेव्हा याच सासूने पुन्हा लावायला लावला होता, आणि मग पुन्हा, बिचारा देव कंटाळून उजवी देईपर्यंत. बार निघाला. त्याचं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक दीरच.

"परत विचारूया," सेजल हात पुसत बाहेर आली.

"देवाक काय परत परत विचारतत?"

"भावोजींच्या बारच्या वेळी विचारलं होतं."

शेवंती अंगणाकडे बघू लागली. कौलाच्या वेळी तिच्यासोबत गेलेला तिचा मुलगा, सेजलचा नवरा श्रीनाथ उंबऱ्यावर बसून चपलेचा पट्टा लावत होता. तो पट्टा काही केल्या लागेना. "आई म्हणता तर ऱ्हवांदी गो," तो खाली बघूनच म्हणाला. "फुडल्या वर्षी सगळीच जाव या."

सेजल मोपाच्या विमानतळावर काउंटरला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या बॅगा पट्ट्यावर चढवायच्या आणि हसून 'शुभ प्रवास' म्हणायचं. या सुट्टीसाठी तिने चतुर्थी आणि दिवाळीच्या पाळ्या एकटीने उपसल्या होत्या. पुढल्या वर्षी! पुढलं वर्ष या घरात बायकांसाठीच राखून ठेवलेलं असतं.

गौरवीने पायांचा काथ्या सोडला आणि विऱ्या नेऊन चुलीजवळच्या लाकडांत ठेवल्या. हट्ट नाही, रडणं नाही. सेजलला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिने स्कूटर देवळाकडे वळवली. म्हातारे गुरव सगुणकाका समई पुसत होते. तिने नारळ पुढे ठेवला.

"काका, माझ्या चेडवाचा कौल लावा. बर्फावरून ती सुखरूप येईल की नाही, तेवढं विचारा."

सगुणकाकांनी नारळ हातात घेतला आणि परत तिच्याच हातात ठेवला. "गो बाय, ह्याच तर काल विचारला. उजवी दिल्यान. गाराणा संपाच्या आधीच पडली. तुजी सासू आणि घोव हयच हुभी होती. तुका सांगूक नाय?"

सेजल नारळ घेऊन बाहेर आली. तो तिने स्कूटरच्या डिकीत टाकला. सासू खोटं बोलली, ते एक ठीक. पण त्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाकळी पाहिली होती, आणि घरी येऊन तो चपलेचा पट्टा लावत बसला होता!

रात्री गौरवी झोपल्यावर तिने तोच नारळ सासूसमोर ठेवला. "सगुणकाकांनी परत दिला. म्हणाले, एकाच प्रश्नाला देव दोनदा उजवी कशाला देईल?"

शेवंतीचा चेहरा पडला. श्रीनाथ म्हणाला, "आईक दुखवूचा नाय म्हणून मी..."

"तू गप," सेजल म्हणाली. लग्न झाल्यापासून ती त्याला 'तुम्ही' म्हणत आली होती. "तुझं तिकीट मी रद्द करते. आम्ही दोघी जातो."

आणि त्या गेल्या. सेजलच्याच काउंटरवर तिच्या मैत्रिणीने त्यांच्या बॅगा पट्ट्यावर चढवल्या. श्रीनाथ काचेबाहेर उभा राहून हात हलवत होता. गौरवीने हलवला. सेजलने नाही.

विमानात तिने पोरीला जवळ घेऊन सांगितलं, "देवाने हो म्हटलं होतं हं."

गौरवीने तिच्याकडे नीट पाहिलं. "तू खंय गेलली देवळात? आजी गेलली."

मनालीच्या वर उतारावर सकाळचं ऊन होतं आणि बर्फाकडे बघवत नव्हतं. भाड्याच्या बुटांत गौरवीचे पाय ओंडक्यासारखे दिसत होते. शिकवणारा पहाडी पोऱ्या मोठा गोड होता. पुढची टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे वाकव, असं त्याने दाखवलं. गौरवीने एका झटक्यात करून दाखवलं. विऱ्यांवर महिनाभर दुसरं काय केलं होतं?

"अरे वा! अब चलो, बेटा."

गौरवी चालली नाही. काठ्या रोवून उभी राहिली. उतार जेमतेम घराच्या परड्याएवढा, खाली सपाट.

"काय झालं गो?"

"देव नाका म्हणलो."

"राणी, मी सांगितलं ना..."

"तुका येवचाच होता, म्हणून तू सांगतंस."

इतक्या लांब, इतक्या उंचावर आणलं, आणि गावातली ती डावी पाकळी पोरीच्या बुटातून इथवर आली होती. सेजलने दातांनी हातमोजा ओढून काढला आणि फोन लावला.

श्रीनाथने उचलला. "पोचल्यात? थंडी आसा?"

"आईंना दे."

फोन हातांतून हातांत गेला. सेजलने आवाज मोठा केला.

"आई, तुमची नात वर उभी आहे. देवाने नको म्हटलं, म्हणून हलत नाही. माझं ती ऐकत नाही. कौल काय पडला, ते तुमच्या तोंडाने सांगा तिला."

"आता कित्याक ता..."

"आत्ता. ती भीती तुम्ही तिच्या पायांत बांधलीत, तुम्हीच सोडा."

मागे श्रीनाथचा खोकला.

"बाय," शेवंती म्हणाली. आवाज एवढासा झाला होता. "उजवी पडलली गो."

गौरवीने चष्मा कपाळावर ढकलला. "मगे तू डावी कित्याक सांगलंस?"

"माका भिया दिसली. देव व्हय म्हणलो, तरी माजी भिया जायना."

"देवापेक्षा तुजी भिया मोठी?"

"व्हय गो बाय. तसाच झाला."

गौरवीने चष्मा डोळ्यांवर ओढला, टोकं जवळ आणली, टाचा लांब नेल्या आणि निघाली. सरळ निघाली, मग वाकडी, मग काठ्या एकीकडे आणि ती दुसरीकडे. उताराच्या मध्यावर धप्पकन बर्फात बसली.

"काय झाला?" फोनमधून शेवंती ओरडली. "पडला चेडू? लागला? सेजल, सांग गो!"

खाली गौरवी खदखदून हसत होती. शिकवणाऱ्याने पुढे केलेला हात तिने झटकला, आपली आपणच उठली आणि पुन्हा टोकं जवळ आणू लागली.

"सेजल! आयकतंस मां?"

सेजल ऐकत होती. पोरगी उठली, हे सांगायला एक शब्द पुरला असता. सांगणारही होती ती. पण लगेच नाही. गौरवी खालपर्यंत पोचेपर्यंत राहू दे म्हातारीला जरा टांगलेलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मुलालाही.