कानात सांगायचं नाव

बारशाच्या दिवशी सकाळी क्रांती गारगोटीहून माहेरी मंगळवार पेठेत पोचली, तेव्हा गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स आधीच लागला होता. मधोमध फेटा बांधलेले तिचे वडील गणपतराव, म्हणजे आबा. शेजारी तिचा धाकटा भाऊ, बाळाचा बाप विश्वजित, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'बाळ संभाजी यांचा नामकरण सोहळा'. बाळाच्या कानात नाव जायला अजून चार तास अवकाश होता आणि ते सांगायचा मान आत्याचा, म्हणजे क्रांतीचा होता. पण पेठेत असल्या किरकोळ गोष्टींसाठी कोण थांबतंय!

घरात पाऊल टाकलं न टाकलं तोच राजनंदिनीनं, म्हणजे बाळाच्या आईनं, तिला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"वन्सं, तुमच्या पाया पडते. कानात दुसरं कुठलंबी नाव सांगा. तेवढं नगो."

"अगं, आबांचा नवस हाय तो!"

"मला म्हायती हाय की. म्हणून तर तुमच्याकडं आले."

नवसाची गोष्ट सगळ्या घराला पाठ होती. बाळ सातव्या महिन्यात झालं, सव्वा किलोचं. बावन्न दिवस काचेच्या पेटीत होतं. एके दुपारी डॉक्टरांनी नुसती मान हलवली आणि आबांचा धीर सुटला. दवाखान्याच्या व्हरांड्यातच त्यांनी जोतिबाच्या डोंगराकडं तोंड करून हात जोडले. नातू वाचू दे, छत्रपती संभाजी महाराजांचं नाव ठेवीन. नातू वाचला.

आता तसं पाहिलं तर केवढं भाग्याचं नाव! पण या घरात ते नुसतं नाव नव्हतं. दर वर्षी फाल्गुन लागला की आबा महिनाभर अनवाणी चालायचे, बिनसाखरेचा चहा प्यायचे. महाराजांना ज्या महिन्यात हालहाल करून मारलं, त्या महिन्यात पायात चप्पल घालायची कशी, असं त्यांचं म्हणणं. रोज संध्याकाळी घरातल्यांना समोर बसवून ते ती हकिगत सांगत. डोळ्यांपाशी आले की त्यांचा आवाज फाटायचा आणि जिभेपाशी आले की ते उठून परसात जायचे. राजनंदिनीनं लग्न झाल्यापासून दोन फाल्गुन असे काढले होते. दुसऱ्या फाल्गुनात तर ती दिवसांत होती.

"सुया टोचून टोचून त्याचे हात काळेनिळे झालते, वन्सं. तवा मला म्हाराजच दिसायचे. त्यांचं नाव मोठं हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पर माझ्या पोराला त्यातलं काय सोसायला लागलं तर?" बोलता बोलता तिचा तळहात बाळाच्या छातीवर गेला. छाती हलतेय का बघायची तिला सवयच लागली होती, दिवसातून शंभर वेळा.

क्रांतीला म्हणावंसं वाटलं की, येडी का खुळी तू? पण तिनं बाळाकडं बघितलं. गळ्याखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. आधारकार्डावर काहीही लिहा, पण पहिल्यांदा कानात जातं तेच नाव माणसाला चिकटतं, असं तिची आजी सांगायची आणि क्रांतीचा त्यावर पुरा विश्वास होता. आज ते नाव सांगितलं आणि पोराला काही झालं, तर ही बाई जन्मभर आपल्याकडं बघत राहणार. नाही सांगितलं आणि काही झालं, तर नवस मोडल्याचं पाप आपल्याच माथी. सुटायला वाटच नव्हती.

दुपारी मांडवात पाळणा सजला. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. "आत्याबाई, व्हा की फुडं!" शेजारच्या झुंबरबाईंनी तिला ढकललंच. क्रांती पाळण्यात वाकली आणि रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाधप गुद्दे पडायला लागले. बायका हसत होत्या. पाळण्याच्या आत मात्र भलतीच शांतता होती. बाळ टक्क डोळे उघडून तिच्याकडं बघत होतं. तिनं ओठ कानाला लावले. आबांच्या नवसाचं नाव तोंडात येईना, दुसरंही येईना.

"जग रे," ती पुटपुटली. "नुसता जग."

मग ताठ उभी राहून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "संभाजी!" टाळ्या पडल्या, घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली. राजनंदिनीनं लांबूनच डोळ्यांनी विचारलं, आणि क्रांतीनं मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ तिचा तिलाही सांगता आला नसता.

पाव्हणे जेवायला बसले तसे आबा तिला शोधत आत आले. पाळण्याजवळ दुसरं कुणी नव्हतं.

"क्रांते, कानात काय सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलेलंच की, आबा."

तिला वाटलं, आता म्हातारा खूष होईल. पण आबा मटकन खाली बसले. "तेच? सूनबाई सकाळी बोलली तुझ्यापाशी, ते मी दाराआडनं ऐकलतं. म्हणलं बरं झालं, पोरगी तिचं ऐकंल." फेट्याचा शेमला त्यांनी डोळ्याला लावला. "नवस बोलताना कायबी सुचलं न्हाय. घरी आल्यावर म्हाराजांचे हाल ध्यानात आले. तवापास्नं झोप न्हाय मला. पर देवाला दिलेला शब्द मी कसा फिरवू?"

क्रांतीला असा संताप आला! भावजयीनं तिला पुढं केलं, बापानं दाराआड उभं राहून पुढं केलं, आणि दोघांची भीती तिनं एकटीनं वाहिली. "मग ऐका," ती म्हणाली, "मी कायबी सांगितलं न्हाय. नावच आलं न्हाय तोंडात. नुसतं जग म्हणलं."

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "म्हंजे सांगायचं ऱ्हायलंयच. नवस माझा हाय, मीच सांगतो."

राजनंदिनी दारात येऊन उभी राहिली होती. तिला अडवायचं होतं, पण ती जागची हलली नाही. आबा पाळण्यात वाकले. कानाला तोंड लावून त्यांनी ते नाव घेतलं, सबंध, महाराजांसकट. मग तसेच वाकलेले असताना त्यांनी डोंगराच्या दिशेला हात जोडले.

"जोतिबा, नाव त्यांचं दिलंय. आयुष्य मातूर माझं लाव. माझं जेवढं शिल्लक असंल तेवढं सगळं."

"आबा!" राजनंदिनी किंचाळली. "काय बोलून बसलासा!"

स्वतःसाठी एक दिवसही मागं ठेवला नाही, हे आबांच्या ध्यानात आलं ते तेव्हा. जोडलेले हात त्यांनी पटकन सोडले, पण बोलून तर झालं होतं. बाहेर विश्वजित मठ्ठा वाढा म्हणून ओरडत होता. राजनंदिनीनं धावत येऊन एक हात बाळाच्या छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं सासऱ्याचं मनगट घट्ट धरलं.