पाठमोरी

"त्या लेन्याच्या चित्तरात माजी कोंडी हाय म्हनं," ठकी म्हणाली आणि करवंदांचा द्रोण वाल्मिकपुढे सरकवून पायरीवर बसली. "मला बगू दे की दादा."

वाल्मिकने तिला ओळखलं. कोंडाण्याच्या लेण्यावरच्या ठाकरवाडीतली ही बाई. तिची लेक कोंडी गेल्या श्रावणात तापाने गेली, हे त्याला बाजारात कळलं होतं.

फोटोच्या कंपनीत वाल्मिकला चौदा वर्षं झाली होती. कंपनी मुंबईची. कर्जत स्टेशनाजवळची एक खोली, तिच्यामागची अंधारी मोरी आणि वाल्मिक, एवढाच तिचा इकडचा पसारा. कॅमेऱ्याची पेटी डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा, ज्यांच्यावर चित्र उमटतं त्या काचा धुवायच्या, छापलेल्या कार्डांमागे शिक्के मारायचे, हे त्याचं काम. गावात मात्र तो ‘मी फोटो काढतो’ असं ऐटीत सांगायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. काचेसमोर माणूस कसं उभं करावं, हे मुंबईहून फोटो काढायला येणाऱ्या साहेबापेक्षा त्यालाच जास्त कळत होतं.

त्या श्रावणाआधीच्या माघात साहेबाला कोंडाण्याच्या लेण्याचं चित्र हवं होतं. लेणं किती उंच ते कळावं म्हणून खांबाशी एक माणूस लागणार होता. मोळी घेऊन चाललेल्या कोंडीला वाल्मिकने हाक मारली. बारा-तेरा वर्षांची पोर. लेण्यात उजेड कमी, म्हणून वीस आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही, असं त्याने तिला बजावलं. पण साहेब कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरला आणि ते बिनडोक्याचं ध्यान बघून कोंडीला हसू फुटलं.

साहेब वैतागला. वाल्मिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वळ तिकडं, खांबाकडं तोंड कर," तो खेकसला. "लेनं दिसाया पायजे, तुजं दात नाय."

कोंडी निमूट वळली. दुसरी काच झकास आली. साहेबाने वाल्मिकची पाठ थोपटली.

मोरीत पहिल्या काचेवरही चित्र उमटलं होतं. चेहरा थोडा हललेला, काळं-पांढरं सगळं उलटं, तरी हसू ओळखू येत होतं. पण बिघडलेली काच सोड्याच्या गरम पाण्यात खरवडायची, हा कंपनीचा नियम. कोरी झालेली काच तसबिरीच्या चौकटीला कामी येते. वाल्मिकने ती घासली आणि लख्ख पुसून ठेवली. आज त्या आठवणीने त्याला स्वतःच्या हातांची शिसारी आली.

त्याने कप्प्यातून कार्ड काढून ठकीला दिलं. तिने ते दोन्ही हातांत धरलं.

"तीच हाय," ती म्हणाली. "डावी टाच उचलून हुबी ऱ्हायची." मग म्हणाली, "हिला जरा वळीव की."

"नाय वळत, ठकीबाय. यकदा छापलं का तसंच ऱ्हातं."

एवढ्यावर त्याला गप्प बसता आलं असतं. पण ती वर बघत होती आणि त्याच्याने राहवलं नाही.

"तोंड फिरवाया मीच सांगितलं. हसत व्हती, चित्तर बिघडत व्हतं. हसतानाची काच बी व्हती. ती मी धुतली."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुजं आयकलं म्हनायचं तिनं," ठकी म्हणाली. "माजं कंदी आयकलं नाय. तापात काडा पी म्हनलं, तरी नाय."

"ठेव ते तुलाच," वाल्मिक कसाबसा म्हणाला.

कार्ड घेऊन ती वाटेला लागली. वाल्मिक दारात उभा राहिला. चिंचेखाली पोचल्यावर ती थांबली. कार्ड तिने डोळ्यांजवळ नेलं, आणि मग हलक्या हाताने उलटून त्याची मागची बाजू पाहिली.

मागे कंपनीचा निळा शिक्का होता. तो वाल्मिकनेच मारला होता, अगदी मधोमध.