हळद फासलेलं अंडं

"निघालं! निघालं!" अख्खं घर ओरडलं. तोक, म्हणजे गावचा मांत्रिक, जेसोहनं नाचता नाचता फोडलेल्या अंड्यातून तीन गंजक्या सुया ताटात पडल्या. म्हातारे दोल्लाह रबाब वाजवतच होते.

"पाहा!" जेसोह गरजला. "चेटकिणीनं हिच्या पोटात टोचलेल्या सुया! अजून चार आहेत, म्हणजे अजून दोन दिवस नाच. तोवर बाई उंबऱ्याबाहेर नेलीत, तर मेलीच समजा!"

चटईवर मेक नाब तापानं बरळत होती. बाळंत होऊन सहा दिवस झाले होते. तिची नणंद रोबिया नर्स. तीन दिवस ती भावाच्या, देरामनच्या, कानीकपाळी ओरडत होती, की गर्भाशयात जंतू शिरलेत, इस्पितळात ने. पण ऐकतो कोण!

"ताई, सुया तर सगळ्यांनी पाहिल्या," देरामन म्हणाला. "तुझे जंतू कुणी पाहिलेत?"

रोबियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ताटातलं कवच उचललं आणि थबकली.

"पूजेची अंडी कुठली रे?"

"आपल्याच बदकांची. तूच तर हळद लावलीस."

"मग हे एवढंसं कसं? हे कोंबडीचं आहे! तुझ्या कोंबड्या उदमांजरानं खाल्ल्याला वर्ष झालं."

कवचाच्या बुडाला भोक होतं, त्यावर मेण थापून हळद फासलेली.

"लाह्या उधळताना आपण सगळे रिवाजानं डोळे मिटतो. तेवढ्यात यानं अंडं बदललं."

"भुतांच्या वाटेला जाऊ नकोस, बाई!" जेसोह मागे सरकला. रोबियानं त्याचा कमरपट्टा ओढला. बदकाचं अंडं खाली पडून फुटलं. आत बलक होता, बाकी काही नाही.

"हा लबाडच!" गर्दीतून कुणी म्हणालं. "पलीकडच्या गावचा तोक मात्र खरा हं."

रोबियाला रडूच फुटलं. "अरे, ती मरतेय! डोळ्यांदेखत मरतेय!"

दोल्लाहनी रबाब खाली ठेवला. "देरामन, माझ्या वाजवण्यानं मन हलकं होतं, बाबा. तापही उतरत असता, तर माझी बायको बाळंतपणात गेली नसती. सात दिवस मीच वाजवत बसलो होतो."



"गाणं हवंच," रोबिया डोळे पुसत म्हणाली. "ती बरी होऊन आली की मीसुद्धा नाचेन. पण ताप आला की आधी डॉक्टर. एवढं तरी डोकं वापरा रे!"

देरामननं बायकोला उचललं आणि उंबरा ओलांडला.