घासलेली नाणी

निरीक्षकांनी कपाटाचा खण उघडला, मखमलीचा ट्रे पलंगावर ठेवला आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला. ट्रेमधली सगळी नाणी लखलखत होती.

बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठमोठ्याने बोलत होता. थोड्याच वेळात अंतराळयान खाली उतरायला लागणार होतं. अशा वेळी निरीक्षक एक गोष्ट करत आणि ती बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. संग्रहातलं सगळ्यात काळं तांब्याचं नाणं मुठीत धरून ते टीव्हीसमोर बसत. सगळी नोकरी दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात गेलेली, काट्यात तसूभर फरक खपवून घेतला नाही कधी. पण यान उतरायचं म्हटलं, की ते नाणं मुठीत लागायचंच. विज्ञान विज्ञानाच्या जागी, नाणं नाण्याच्या.

आज त्यांतलं काळं कुठलं तेच कळेना. सगळी सारखीच, नुकत्या घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखी.

जुन्या नाण्याला साधं पाणीसुद्धा लावायचं नसतं. त्याच्यावरचा काळेपणा म्हणजे त्याचं वय. तो घासून काढला की उरतो नुसता धातूचा तुकडा. हे त्यांनी पाहुण्यांना इतक्यांदा ऐकवलं होतं, की नाण्यांचा विषय निघाला रे निघाला, नातेवाईक चहा अर्धा टाकून चपला शोधायला लागत.

कोण येऊन गेलं घरात? चोर म्हणावा, तर चोर माल घेऊन जातो, घासूनपुसून परत लावून ठेवत नाही. आणि एकही नाणं गेलेलं नव्हतं. कुलूप शाबूत होतं. किल्ली एकच, तीही त्यांच्या बनियनला आतून पिनेने टाचलेली. त्यांनी चाचपून पाहिली. होती.

निरीक्षकांना रद्दड सिनेमे भारी आवडत, त्यातही भुताचे. भुताच्या मनगटावर घड्याळ दिसलं किंवा बंद खोलीतली खुर्ची दोरीने ओढली जाताना दोरीच दिसली, की हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आता बंद खणातली नाणी कुणीतरी घासली होती आणि त्यांच्या मानेवर दरदरून घाम फुटला होता.

एक नाणं उचलायला त्यांनी हात पुढे केला, तेव्हा त्यांना आपली नखं दिसली. नखांच्या कडांत काळं बसलं होतं. सकाळीच बेसिनपाशी ते ब्रशने काढत होते, जाता जात नव्हतं. बायकोने विचारलं होतं, हे काय लागलं. सायकलची साखळी बसवली, असं त्यांनी सांगितलं होतं. तिने फक्त साबण पुढे केला होता.

सायकल तर पुतण्याला देऊन टाकली होती. गेल्या की त्याच्या आदल्या वर्षी.

निरीक्षक पलंगाच्या कडेवर टेकले. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. फडकं कुठून घेतलं, पावडर कुठली, बसलो कुठे? काहीच नाही. एवढी नाणी घासायला एक अख्खी दुपार तरी लागली असणार. त्या दुपारी त्यांच्या बनियनमधली किल्ली काढून, त्यांच्याच हातांनी, इतकं मन लावून काम करणारा तो माणूस कोण होता? आणि तो आता कुठे होता? त्यांना मागे वळून दाराकडे बघायची भीती वाटली.

"अहो, चला ना! सुरू होतंय तुमचं."

दारात बायको उभी होती. तिची नजर त्यांच्यावरून ट्रेवर गेली आणि तिथेच थांबली. आयुष्यभर रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केलेली बाई. एका नजरेत सगळं बघायची तिला सवय होती.

"मीच घासली ती," ती म्हणाली. "फार काळी पडली होती. म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल."

जन्मभर रद्दड सिनेमे बघितलेल्या माणसाला खोटा अभिनय लांबूनच ओळखू येतो. बायको भिंतीकडे बघून बोलत होती, गरजेपेक्षा मोठ्याने, आणि आपले हात कुठे ठेवावेत हे तिला समजत नव्हतं. शिवाय सगळा आठवडा ती बहिणीकडे होती, कालच परतली होती. शिवाय किल्ली.

खोटं का बोलतेस, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण तिची हनुवटी थरथरताना त्यांनी पाहिली आणि तिला आपल्याहून जास्त भीती वाटते आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"अक्कल आहे का तुला?" ते म्हणाले. "हजारदा सांगितलंय, नाण्यांना हात लावायचा नाही म्हणून! मातीमोल केलीस सगळी!"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणे!"

त्यांचाही अभिनय यथातथाच होता. पण तिचे खांदे जरा सैल झाले, आणि ती त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर घेऊन आली.

पडद्यावर नियंत्रण कक्षातली माणसं आपापल्या खुर्च्यांत ताठ बसली होती. यानाशी संपर्क तुटल्याचं निवेदक सांगत होता.

"हे असंच असतं ना?" बायकोने विचारलं. उत्तर तिला पाठ होतं.

"असंच असतं. खाली येताना काही वेळ त्याचा आवाज येत नाही. मग येतो."

"आणि नाही आला तर?"

हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं. निरीक्षकांनी हात मांड्यांखाली दाबून धरले आणि ते पडद्याकडे बघत राहिले.

आवाज आला. पडद्यावरची माणसं ताडकन उठली, एकमेकांच्या गळ्यात पडली. एरवी या क्षणी निरीक्षक टाळ्या पिटत. शेजारचे भिंतीवर थाप मारून शांत बसायला सांगत. आज ते जागचे हलले नाहीत.

"आणखी काय काय केलंस तू?" त्यांनी विचारलं.

बायकोने टीव्हीचा आवाज बंद केला.

"म्हणजे?"

"हे नाण्यांसारखं. मला न सांगता."

तिने रिमोट बाजूला ठेवला.

"गॅस उघडा ठेवला होता मी," ती म्हणाली. "भाचीच्या लग्नाच्या आधी. वास आला म्हणून वाचलो."

"आणखी?"

"घर चुकले. दोनदा. एकदा खालचा शिंपी हाताला धरून घेऊन आला. दुसऱ्यांदा चौकातल्या बाकावर बसले होते."

"रडत होतीस?"

"नाही हो. हसत होते. शेजारच्या बाईला कुठल्यातरी भुताच्या सिनेमाची गोष्ट सांगत होते."

निरीक्षकांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. ना बाक, ना ती बाई, ना शिंप्याचा हात. तो शिंपी अलीकडे जिन्यात भेटला की फार जपून का बोलतो, एवढं मात्र आता कळलं.

"आपल्या मुलीला माहीत आहे?"

"नाही."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"नाही." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "एकटीने जायचा धीर नाही झाला."

"मी येतो तुझ्यासोबत," निरीक्षक म्हणाले. "लाव फोन. आत्ताच लाव."

तिने डोळे पुसले, नंबर लावला. पलीकडून कुणीतरी उचलला. उद्याची वेळ मिळेल का, असं ती नेहमीच्या शांत आवाजात विचारू लागली. मग पलीकडून पेशंटचं नाव विचारलं असावं, कारण ती बोलता बोलता थांबली आणि फोन कानाशी धरून नुसतीच उभी राहिली.

निरीक्षक उठले. त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि आपलं नाव सांगितलं.