मोगऱ्याचे तीन डबे

डिंडोलीच्या लोटूअण्णांनी लेकीसाठी मोगऱ्याच्या वासाच्या फवाऱ्याचे तीन डबे आणले आणि एकाच सकाळी तिन्ही संपवले. आता या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण अण्णांच्या बायकोला, मालतीबाईंना, जाऊन वर्ष झालेलं, घरात बाईमाणूस नाही, म्हणून लेकीच्या, योगिताच्या, सासूनं तिला सासरी पर्वत पाटियालाच ठेवून घेतलं. अण्णांनी चारदा हात जोडले, तेव्हा कुठे बारशानंतर सासू म्हणाली, “जा बाई. पण करमलं नाही तर तुझा नवरा, लखन, संध्याकाळी न्यायला येईल.” अण्णांना एक संध्याकाळ नको होती. मालतीनं ठेवून घेतलं असतं तसा पुरा महिना हवा होता.

शेजारच्या मंदाबाईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, “अण्णा, खिडक्या बंद राहून घर कुबट झालंय. कडुलिंबाचा पाला टांगा, लिंबाच्या साली उकळा, ओवा भाजून पुरचुंडी ठेवा. तान्ह्या लेकराला डब्यातलं सोसत नाही.”

अण्णांनी मान डोलावली आणि सरळ दुकान गाठलं. सचिन गावातल्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये रंगाच्या टाक्यांपाशी बावीस वर्षं काढली, त्यातच त्यांचं नाक मेलं होतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, मालतीलाही नाही. साली उकळून वास सुटला की नाही, हे त्यांना कोण सांगणार? डब्यावर निदान मोगऱ्याचं चित्र तरी दिसत होतं.

मग काय, पडदे झाले, गाद्या झाल्या, पाळणा झाला. तिसऱ्या डब्यात थोडं उरलं ते कपाटात मारलं.

दुपारी योगिता उंबऱ्यातच शिंकली. तिच्यामागून बाळही शिंकलं.

“अरे देवा, पप्पा! अत्तराची फॅक्टरी काढली का?” ती हसली. तिनं सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, बाळाला मंदाबाईंच्या ओट्यावर, त्यांच्या मांडीवर दिलं आणि तडक कपाटाकडे गेली.

“आईची सुती साडी काढते. बाळाला तिच्यातच गुंडाळायचंय. तिचा वास आहे हो त्यात अजून. मागच्या वेळी तोंड खुपसून रडले होते मी.”

“अगं थांब,” अण्णा म्हणेपर्यंत तिनं साडी काढलीही होती.

योगितानं साडीत तोंड घातलं. एक घडी उलगडली, दुसरी उलगडली. मग मान वर केली.

“कपाटातही मारलंत?”

“बेटा, तुझ्यासाठीच…”

“माझ्यासाठी? दवाखान्यात कळा येत होत्या तेव्हा ही साडी डोळ्यांपुढे होती माझ्या. हिच्यासाठी आले मी, पप्पा. आता काय उरलं इथं?” तिनं फोन काढून नंबर लावला. “लखनला सांगते, आत्ताच या.”

अण्णा मटकन खाटेवर बसले.

“माले वास येस नही, योगी,” ते म्हणाले. “कसलाच नाही. बरीच वर्षं झाली. रोज कपाट उघडतो, ती साडी नाकाला लावतो, काही म्हणजे काही येत नाही. मला वाटलं, साबणाबरोबर गेला असेल सगळा.” त्यांनी उघड्या कपाटाकडे पाहिलं. “म्हणजे वर्षभर ती इथंच होती? कपाटात? आणि मला पत्ताच नाही?”

म्हातारा लहान लेकरासारखा हमसून रडायला लागला. योगितानं त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा. तिच्या हातातल्या फोनमधून लखन “हॅलो, हॅलो” करत होता.

“अहो, संध्याकाळी येऊ नका,” ती म्हणाली. “मी महिनाभर राहणार आहे. तुमच्या आईंना मी सांगते.”

फोन ठेवून ती खाटेवर बापाजवळ टेकली. मग अण्णांनी साडीचा पदर हातात घेतला.

“कसा होता गं तो?”

“आधी खोबरेल,” योगिता म्हणाली. “मग मेथी निवडल्यावर बोटांना येतो तसा हिरवा. मागून थोडा घाम, आणि बाजरीच्या पिठाचा. गळ्यात पडलं की एकदमच यायचा सगळा.”

अण्णांनी डोळे मिटले.

“अजून सांग,” ते म्हणाले.